जेट सुटले, स्टिक सुटेना

२३ डिसेंबर १९८६. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर सकाळी एक विचित्र आकाराचे पांढरे विमान उतरले. लांबच लांब पंख, एक इंजिन पुढे, एक मागे आणि दोन माणसांसाठी आडव्या टेलिफोन बूथएवढी जागा. ‘व्हॉयेजर’ नावाच्या या विमानाने कुठेही न थांबता आणि हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. वेळ लागला ९ दिवस, ३ मिनिटे, ४४ सेकंद. निघताना टाक्यांत तीन टनांहून अधिक इंधन होते, उतरताना ५० किलोही उरले नव्हते. हे विमान कोणत्याही मोठ्या कारखान्यात तयार झालेले नव्हते. मोहावीच्या वाळवंटातील एका हँगरमध्ये काही झपाटलेल्या मंडळींनी पाच वर्षे खपून, सरकारी पैसा न घेता ते बांधले होते.

ते चालवणाऱ्या दोघांपैकी एक होती जीना येगर आणि दुसरा डिक रुटन. रुटन हा अमेरिकी हवाई दलातला लढाऊ वैमानिक. व्हिएतनाम युद्धात त्याने ३२५ मोहिमा केल्या होत्या. एका मोहिमेत त्याच्या एफ-१०० विमानाला जमिनीवरून मारा बसला, तेव्हा समुद्रावर येऊन त्याला विमानाबाहेर उडी घ्यावी लागली होती. १९७८ मध्ये तो लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि धाकट्या भावाकडे, बर्ट रुटनकडे कामाला लागला. बर्टचा व्यवसाय होता लोकांना आपापल्या गॅरेजमध्ये बांधता येतील अशा विमानांचे आराखडे विकण्याचा. फोम आणि फायबरग्लासचे ‘लाँग-ईझी’ हे त्याचे गाजलेले विमान. त्याचे रिकामे वजन छोट्या मोटारीच्या निम्म्याहून कमी आणि इंजिन सव्वाशे अश्वशक्तीच्याही आतले. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे जेट चालवलेला हा माणूस पुढची कित्येक वर्षे या चिमुकल्या विमानात रमला. १९९७ मध्ये तर एका सहकाऱ्यासोबत, दोघांची दोन लाँग-ईझी घेऊन, तो पुन्हा जगाला फेरी मारून आला.

रुटन एकटा नव्हता. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डोनाल्ड ‘डीक’ स्लेटन हा दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून १९६२ मध्ये डॉक्टरांनी त्याचे अंतराळ उड्डाण रोखले. दहा वर्षांनी परवानगी मिळाली आणि १९७५ मध्ये तो अंतराळात जाऊन आला. त्यानंतर त्याला कसली हौस होती? छोट्या, एकआसनी शर्यतीच्या विमानाची! नौदलाचा लढाऊ वैमानिक आणि स्पेस शटलचा कमांडर रॉबर्ट ‘हूट’ गिब्सन याने १९९१ मध्ये लोखंडी नळ्या आणि प्लायवूडच्या ‘कॅसट’ प्रकारच्या विमानातून २७ हजार फूट उंची गाठून आपल्या वजनगटातला जागतिक विक्रम केला. ज्यांनी आकाशातली सर्वांत महागडी, सर्वांत वेगवान यंत्रे हाताळली, त्यांना ही खेळण्यासारखी विमाने का खुणावतात? केवळ जुन्या आठवणी किंवा धोक्याची चटक असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याचे उत्तर थोडे कानात आहे, थोडे हातात आणि बरेचसे मनात.

घरी बांधलेले म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या नियमानुसार विमानाच्या जडणघडणीतील निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने, शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असेल, तर ते विमान ‘हौशी बांधणीचे’ ठरते. याला तिथे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. काही जण नुसते आराखडे विकत घेऊन सगळे भाग स्वतः बनवतात. बहुतेक जण सुट्या भागांची किट घेतात आणि जोडणी करतात. किट म्हटले की काम सोपे वाटते, पण एका दोनआसनी धातूच्या विमानासाठी दीड-दोन हजार तास सहज जातात. पत्रा कापायचा, भोके पाडायची, कडा घासायच्या आणि हजारो रिव्हेट एकेक करून ठोकायचे. विमान तयार झाल्यावर सरकारी तपासणी होते, कॉकपिटजवळ मोठ्या अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ असे लिहावे लागते. मग साधारणपणे पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता चाचणी उड्डाणे करायची असतात.

ही चळवळ उभी करणारा माणूसही लष्करी वैमानिकच होता. पॉल पोबेरेझनी याला शाळकरी वयात त्याच्या शिक्षकाने एक मोडके ग्लायडर दिले. ते दुरुस्त करून तो उडायला शिकला. पुढे दुसरे महायुद्ध आणि कोरियाच्या युद्धाचा काळ त्याने लष्करी गणवेशात काढला. जानेवारी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे त्याने समविचारी मंडळींना जमवून ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. तिचा कारभार सुरुवातीला त्याच्या घराच्या तळघरातून चालत असे. १९५५ मध्ये ८०० डॉलरपेक्षा कमी खर्चात ‘बेबी एस’ हे विमान कसे बांधावे, यावर त्याची लेखमाला एका लोकप्रिय मासिकात आली आणि देशभर गॅरेजांमधून लाकूड आणि कापड जमा होऊ लागले. दर वर्षी जुलैअखेर ऑशकॉश या गावी भरणाऱ्या या संस्थेच्या मेळाव्याला आज दहा हजारांच्या आसपास विमाने येतात. १९७३ मध्ये ओरेगॉनमध्ये सुरू झालेल्या एकट्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनीच्या किटमधून ११ हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत.

वेग मोजायचा की अनुभवायचा?

आता जेट आणि छोटे विमान यांच्यातला फरक आकड्यांत पाहू. जेट विमान १० किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असते, तेव्हा वैमानिकाला खालची जमीन जवळजवळ थांबलेली दिसते. डोळ्याला वेग कळतो तो दृश्य किती अंशांनी सरकते यावरून. बरोबर खाली असलेले गाव या जेटमधून सेकंदाला दीड अंशापेक्षाही कमी सरकते. छोटे विमान ३०० मीटर उंचीवर ताशी १८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तेच गाव सेकंदाला साडेनऊ अंश सरकते. प्रत्यक्ष वेग एक पंचमांश आणि वेगाची जाणीव मात्र सुमारे सातपट!

वळणाचेही तसेच. विमान ६० अंश कलवून वळण घेतले, तर वैमानिकाला आपले वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते, मग विमान लहान असो वा मोठे. पण ताशी ७२० किलोमीटर वेगाच्या जेटला या वळणासाठी सुमारे २३५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ लागते आणि ते पूर्ण करायला सव्वा मिनिट जाते. ताशी १८० किलोमीटर वेगाचे छोटे विमान हेच वळण १४७ मीटर त्रिज्येत, १९ सेकंदांच्या आत पुरे करते. वेग चौपट झाला की वर्तुळ सोळापट होते, एवढेच हे गणित आहे. म्हणजे जे करायला जेटला एक अख्खा तालुका लागतो, ते छोट्या विमानाला गावाबाहेरच्या माळरानावर जमते. जेटसाठी ताशी हजारो लिटर इंधन, शस्त्रसज्ज तळ आणि शेकडो माणसे लागतात. इथे ताशी ३० लिटरच्या आसपास पेट्रोल आणि शनिवारची मोकळी सकाळ पुरते.

हाताला लागणारी हवा

दुसरी गोष्ट स्पर्शाची. जुन्या विमानांत वैमानिकाच्या हातातील स्टिक तारांनी किंवा दांड्यांनी थेट पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांना जोडलेली असे. वेग वाढला की स्टिक जड लागते, वेग कमी झाला की ती ढिली पडते आणि पंखांवरची हवा सुटण्याच्या बेतात आली की बऱ्याच विमानांत ती थरथरते. हाताला हवा ‘लागते’. आधुनिक लढाऊ विमानांत मध्ये संगणक आला. वैमानिकाने काय मागितले ते संगणक वाचतो आणि कोणती पट्टी किती हलवायची हे स्वतः ठरवतो. १९७४ मध्ये प्रथम उडालेल्या एफ-१६ विमानाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. त्याची स्टिक सुरुवातीला मुळीच हलत नसे, हाताचा दाब मोजूनच ती काम करी. तंत्राच्या दृष्टीने हालचालीची गरज नव्हती. पण हातात न हलणारी वस्तू धरून विमान उडवणे वैमानिकांना रुचेना. शेवटी तिला किंचितशी हालचाल देण्यात आली. यंत्राला नको होती, पण माणसाला हवी होती म्हणून!

यामागे शरीरशास्त्र आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या आत एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान किंवा शरीर फिरले की त्यातील द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला फिरण्याची वर्दी मिळते. त्याच्याच शेजारी सूक्ष्म स्फटिकांची दोन इंद्रिये असतात. ती सरळ रेषेतील वेगवाढ आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात. या सगळ्यात स्नायू, सांधे आणि खुर्चीला टेकलेली त्वचा भर घालतात. वैमानिक ज्याला ‘पाठीखालून कळणे’ म्हणतात, ते हेच. ढगात शिरल्यावर हीच इंद्रिये फसवतात आणि म्हणून तिथे उपकरणांवरच विश्वास ठेवायला शिकवले जाते. पण स्वच्छ हवेत, क्षितिज समोर असताना, डोळे, कान, हात आणि पाठ एकच गोष्ट सांगत असतात. मेंदूला हा मेळ सुखावतो.

छोट्या विमानात या संदेशांची गर्दी असते, कारण त्याच्या पंखांवर भार कमी असतो. एफ-१६च्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर चारशे किलोंहून अधिक वजन येते, तर घरी बांधलेल्या ‘आरव्ही-४’सारख्या विमानात सुमारे ६५ किलो. म्हणून नांगरलेल्या शेतावरून वर येणारी गरम हवा, डोंगराच्या कडेची झुळूक, तळ्यावरचा गारवा, असे सगळे त्याला हलवून जाते. जेटमधून जी हवा नुसती कापली जात होती, ती इथे ओळखीची होते.

तीन सह्या

तरीही ही ओढ केवळ इंद्रियांची नाही. हवाई दलात प्रत्येक उड्डाणामागे निदान तीन माणसांचा निर्णय असतो. तंत्रज्ञ विमान तपासून नोंदवहीत सही करतो. वरिष्ठ अधिकारी मोहीम ठरवतो. कुठे जायचे, किती वाजता, किती उंचीवरून, हे सगळे त्यात येते. आणि हवाई दलाचा डॉक्टर वैमानिक उडायला लायक आहे की नाही ते सांगतो. वैमानिक या साखळीचे टोक असतो. उतरल्यावर त्याच्या प्रत्येक चुकीची उजळणी होते. या शिस्तीमुळेच तो जिवंत राहतो, पण त्या आकाशात त्याचे स्वतःचे असे फार थोडे असते.

घरी बांधलेल्या विमानात या तीनही सह्या एकाच माणसाच्या होतात. यंत्र ठीक आहे हे तोच ठरवतो, जायचे की नाही हे तोच ठरवतो आणि आज आपली तब्येत उडण्याजोगी आहे का, हेही त्यालाच ठरवायचे असते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतल्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असे मांडले आहे. निर्णय आपला असणे, काम आपल्याला जमते आहे हे जाणवणे आणि आपल्यासारख्यांची सोबत असणे. हँगरमध्ये या तिन्ही मिळतात. तिसरी तर विशेष. स्क्वाड्रनमध्ये चहाच्या कपावर जशी चर्चा रंगते, तशीच ती रिव्हेट ठोकायला आलेल्या शेजाऱ्यासोबत रंगते.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने तल्लीनतेचा अभ्यास केला. चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू यांच्या अनुभवांतून त्याला दिसले, की आव्हान आणि कौशल्य तुल्यबळ असेल, उद्दिष्ट स्पष्ट असेल आणि केलेल्या कृतीचे उत्तर लगेच मिळत असेल, तर माणूस वेळ विसरतो. आव्हान फार मोठे झाले तर चिंता, फार लहान झाले तर कंटाळा. हवाई दल सोडून प्रवासी कंपनीत गेलेल्या अनेकांच्या वाट्याला हा कंटाळा येतो. उड्डाणाचा बहुतेक वेळ ऑटोपायलट काम करतो आणि वैमानिक त्याच्यावर लक्ष ठेवतो. जबाबदारी प्रचंड, पण हाताला काम थोडे. छोट्या विमानात मात्र आडव्या वाऱ्यात सरळ उतरणे, हेही रोज नव्याने जमवावे लागते.

याला निवृत्तीचा संदर्भ जोडला की चित्र पूर्ण होते. अमेरिकेत वीस वर्षांची लष्करी सेवा झाली की निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडता येते, म्हणजे माणूस तेव्हा चाळिशीत असतो. विशीपासून ज्या कौशल्यावर त्याची ओळख उभी असते, ते एका ठरलेल्या तारखेला काढून घेतले जाते. डोळे, हात, निर्णयशक्ती सगळे शाबूत असते, मोकळी असते ती फक्त खुर्ची. कौशल्य वापरायला जागा नसणे हा मनाला लागणारा घाव आहे. शस्त्रक्रिया थांबवलेल्या सर्जनला, गाणे थांबलेल्या गायकाला तो माहीत असतो. विमान बांधायला घेतलेल्या माणसाला सकाळी उठून जायला एक जागा मिळते. कामाला पुढची पायरी असते आणि तिच्यापलीकडे एक उड्डाण असते.

सवय जिथे आड येते

पण तीन सह्या एकाच हातात येण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांसाठीच्या विमानांमध्ये यांचे प्रमाण जेमतेम दहा टक्के, पण २०११ मधील अपघातांत सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के वाटा त्यांचा होता. अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक स्वतः न बांधता दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती.

याचे एक करुण उदाहरण म्हणजे गायक जॉन डेन्व्हर. तो हौशी वैमानिक होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये नुकत्याच विकत घेतलेल्या लाँग-ईझीतून उडताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून तो गेला. ज्याने ते विमान बांधले होते, त्याने इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातल्या जागी न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्यावर नीट खुणाही नव्हत्या. तिथे हात पोचवायला मागे वळावे लागे आणि तेवढ्यात विमानावरचा ताबा सुटला, असे तपासात दिसून आले. घरी बांधलेली दोन विमाने वरून सारखी दिसली, तरी आतून सारखी असतीलच असे नाही.

अनुभवी लष्करी वैमानिकाची अडचण वेगळी. त्याच्याकडे सवयी जास्त असतात आणि त्यातल्या काही इथे चुकीच्या ठरतात. जेटमध्ये पायांना फारसे काम नसते, पुढे पंखा असलेल्या विमानात मात्र जोर देताच नाक एका बाजूला ओढले जाते आणि पायाने ते सतत सावरावे लागते. चाक शेपटीला असेल, तर वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरल्यावर विमान थोडे वाकडे झाले तर ते आणखी वाकडे होत जाते, आपोआप सरळ होत नाही. विमानवाहू जहाजावर उतरणारा नौदलाचा वैमानिक ठरलेल्या उतारानेच डेकवर आदळतो, तर हलक्या विमानाला जमिनीजवळ नाक अलगद उचलून टेकवावे लागते. मिग-२१ धावपट्टीला ताशी ३०० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने टेकत असे, आरव्ही-४ ताशी ९० किलोमीटरच्या आसपासही उडत राहते. इंजिन बंद पडले तर हलके, खूप रोध असलेले विमान काही क्षणांतच वेग गमावते, म्हणून नाक लगेच खाली घ्यावे लागते. आणि बाहेर फेकणारी खुर्ची इथे नसते.

कसलेल्या वैमानिकालाही आकाश माफ करत नाही. १९९० मध्ये टेक्सासमधील एका शर्यतीत गिब्सनच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेत टक्कर झाली. तो सुखरूप उतरला, पण दुसरा वैमानिक मृत्यू पावला. मोहिमेवर नेमलेल्या अंतराळवीरांनी असे धोक्याचे छंद करू नयेत असा नासाचा नियम होता. त्याला त्या मोहिमेवरून काढण्यात आले आणि वर्षभर जमिनीवर बसवण्यात आले.

आणखी एक अडथळा प्रेमाचा. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना कागदाच्या घड्या घालून वस्तू बनवायला दिल्या होत्या. नवशिक्यांनी आपल्या ओबडधोबड वस्तूंची किंमत जवळजवळ तज्ज्ञांच्या वस्तूंइतकी लावली आणि इतरांनाही ती तशीच वाटेल असे मानले. फर्निचरच्या प्रसिद्ध कंपनीवरून याला ‘आयकिया परिणाम’ म्हणतात. कागदाच्या बेडकाच्या बाबतीत हे गोड आहे. स्वतः बसवलेल्या इंधनाच्या नळीच्या बाबतीत ते घातक ठरू शकते. म्हणूनच पोबेरेझनीच्या संस्थेने अनुभवी बांधणाऱ्यांची स्वयंसेवक फळी उभी केली आहे. ते बांधकाम चालू असताना येऊन परक्याच्या नजरेने विमान पाहतात. पहिल्या उड्डाणाला वैमानिक तयार आहे का, याबद्दल सल्ला देणारे वेगळे स्वयंसेवक असतात. २०१४ पासून चाचणीच्या काळात पात्र असा दुसरा वैमानिक सोबत नेण्याची वाटही अमेरिकेत खुली झाली आहे.

तिसरी सही, शरीराची

अमेरिकेत मे २०१७ पासून छोट्या विमानांच्या हौशी वैमानिकांसाठी वैद्यकीय नियम सोपे झाले. ठरावीक अटींत बसणाऱ्यांना दर चार वर्षांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासणी आणि दर दोन वर्षांनी एक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात मात्र निर्णय त्याचा त्यालाच घ्यायचा असतो. ज्या व्यवसायात एक तक्रार सांगितली तर उड्डाण बंद होऊ शकते, तिथे तक्रारी गिळण्याची सवय लागते. निवृत्तीनंतर ती घेऊन उडणे परवडत नाही.

त्यातली पहिली बाब ‘जी’ची. लढाऊ वैमानिक हवेने फुगणारा जी-सूट घालून, पाय आणि पोटाचे स्नायू आवळून, नियमित सरावाने ९ जीपर्यंतचा भार झेलतो. साध्या कपड्यांत, सराव सुटलेल्या माणसाची दृष्टी ४ जीच्या आसपासही अंधुक होऊ लागते, कारण रक्त मेंदूकडे चढत नाही. घरी बांधलेली काही विमाने ६ जीपर्यंतच्या कसरतींसाठी बनवलेली असतात. म्हणजे विमान टिकेल, माणूस बेशुद्ध होईल. रक्तदाबाच्या काही गोळ्या, प्रोस्टेटसाठीची काही औषधे आणि साधे कमी पाणी पिणे, यांनीही ही क्षमता घटते. मानेच्या आणि कमरेच्या जुन्या दुखण्यांचाही विचार करावा लागतो.

दुसरी बाब कार्बन मोनॉक्साइडची. बऱ्याच छोट्या विमानांत केबिन गरम करायला इंजिनाच्या धुराड्याभोवतीची हवा वापरतात. धुराड्याला बारीक चीर गेली तरी हा वायू आत येतो. त्याला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गुंगी येणे, बेफिकिरी वाटणे ही त्याची लक्षणे. सूचना देणारे छोटे उपकरण लावणे हा सोपा उपाय आहे.

उड्डाणापूर्वी वैमानिक स्वतःला सहा प्रश्न विचारायला शिकतात. आजारी आहे का? कोणते औषध घेतले आहे? मनावर ताण आहे? दारू घेतली होती? थकवा आहे? मन ठिकाणावर आणि पोट भरलेले आहे ना? लांबच्या प्रवासाला मोटार काढणाऱ्यानेही हे प्रश्न विचारायला हरकत नाही.

आपल्याकडे

भारतात घरी विमान बांधण्याची परंपरा छोटी आहे, पण अगदीच नाही असे नव्हे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ते लष्करी नव्हे तर प्रवासी विमानांचे वैमानिक. त्यांच्या विमानाची २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्यात ते उडाले. हवाई दलाचे विंग कमांडर राहुल मोंगा आणि अनिल कुमार यांनी २००७ मध्ये मायक्रोलाइट विमानातून सुमारे ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते विमान कारखान्यात बनलेले होते, पण वजन मोटरसायकलींच्या भाषेत मोजावे इतके कमी. रुटनच्या लाँग-ईझीचे तर भारताशी वेगळेच नाते आहे. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने १९८०च्या दशकात त्याच धर्तीवर एक हलके विमान बांधले. प्रा. रुस्तम दमानिया यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे त्या विमानावरून डीआरडीओने जे मानवरहित विमान विकसित केले, त्याला दमानियांच्या नावावरूनच ‘रुस्तम-१’ म्हणतात.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये मिग-२१ला हवाई दलाने निरोप दिला. सहा दशकांत ज्यांनी ते उडवले, त्यांच्यातील बहुतेक जण आज निवृत्त आहेत. त्या सगळ्यांनी विमान बांधायला घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. खर्च, नियम आणि धोका, तिन्ही मोठे आहेत. पण वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य निवृत्तीच्या दिवशी कपाटात ठेवून देणे तब्येतीला मानवत नाही, ही गोष्ट शिक्षकाला, यंत्रावर काम केलेल्या कामगाराला आणि परिचारिकेलाही लागू आहे. हाताला सवयीचे, पण थोडे नवे काम, चूक दाखवणारे चार सोबती आणि शेवटचा निर्णय आपला, एवढे जुळवता आले तर पुष्कळ झाले.

डिक रुटन मे २०२४ मध्ये, पोबेरेझनी ऑगस्ट २०१३ मध्ये गेला. एक ८५ वर्षांचा होता, दुसरा ९१ वर्षांचा. ऑशकॉशच्या मैदानावर उभ्या असलेल्या घरगुती विमानांवर अजूनही एक छोटी धातूची पट्टी दिसते. लढाऊ विमानावरच्या अशा पट्टीवर ‘निर्माता’ या शब्दापुढे कंपनीचे नाव असते. इथे त्या जागी बांधणाऱ्याचे स्वतःचे नाव कोरलेले असते आणि वर्षातून एकदा विमान तपासून सही करण्याचा परवानाही त्यालाच मिळू शकतो.